खंडनकार श्रीहर्ष : एका लक्षणविरोधकाचे चरित्र

१

संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात श्रीहर्ष या नावाच्या दोन व्यक्ती प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी पहिला 'रत्नावली'चा कर्ता म्हणून ओळखला जाणारा सातव्या शतकातील सम्राट हर्षवर्धन. दुसरा त्यानंतर सुमारे पाच शतकांनी झालेला, कान्यकुब्जाच्या गाहडवाल राजांच्या आश्रयाला असलेला पंडितकवी. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा श्रीहर्ष होय. काव्याच्या अभ्यासकांना तो 'नैषधीयचरिता'चा कर्ता म्हणून परिचित आहे आणि दर्शनांच्या अभ्यासकांना 'खंडनखंडखाद्या'चा कर्ता म्हणून. आपल्याकडील विद्याशाखांच्या वाटणीमुळे असे झाले आहे की, ज्यांनी नैषध वाचले त्यांनी बहुधा खंडन उघडले नाही आणि ज्यांनी खंडनाशी झुंज घेतली त्यांनी नैषधाकडे पांडित्याचा विसावा म्हणून पाहिले. वस्तुतः श्रीहर्ष स्वतः या दोन्ही ग्रंथांना एकाच उदरातून आलेली भावंडे मानतो. नैषधाच्या सहाव्या सर्गाच्या अखेरीस त्याने तसे सूचितही केले आहे. या भावंडांचे साम्य कशात आहे, हे त्याच्या चरित्राच्या आधाराने पाहता येईल असे वाटते.

हा प्रश्न केवळ चरित्रात्मक नाही. कोणत्याही पदार्थाचे निर्दोष लक्षण करता येते का, हा तत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. अभारतीय परंपरेत त्याचा उगम सॉक्रेटिसाच्या संवादांत शोधतात. भारतीय परंपरेत तो प्रश्न ज्याने सर्वांत निर्दयपणे आणि सर्वांत विस्ताराने विचारला तो श्रीहर्ष होय. लक्षण करणे हेच ज्यांचे जीवितकार्य होते अशा नैयायिकांच्या घरात शिरून त्याने त्यांची भांडीकुंडी एकेक करून वाजवून पाहिली, आणि प्रत्येकाला कोठे तडा आहे ते दाखवले.

२

श्रीहर्षाच्या चरित्राची साधने दोन प्रकारची आहेत. पहिले साधन म्हणजे त्याच्या स्वतःच्या ग्रंथांतील उल्लेख. नैषधाच्या प्रत्येक सर्गाच्या शेवटी तो आपल्या पित्याचे नाव श्रीहीर आणि मातेचे नाव मामल्लदेवी असे सांगतो. निरनिराळ्या सर्गांच्या अखेरीस तो आपल्या इतर ग्रंथांचीही नावे देतो : स्थैर्यविचारणप्रकरण, श्रीविजयप्रशस्ती, गौडोर्वीशकुलप्रशस्ती, अर्णववर्णन, छिंदप्रशस्ती, शिवशक्तिसिद्धी, नवसाहसांकचरित आणि खंडनखंडखाद्य. यांपैकी खंडन तेवढे उरले; बाकीचे ग्रंथ नावापुरतेच आपल्याला माहीत आहेत. दुसरे साधन म्हणजे जैन आचार्य राजशेखरसूरी याने १३४८ मध्ये पूर्ण केलेला 'प्रबंधकोश'. कवीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेल्या या ग्रंथात श्रीहर्षावर एक स्वतंत्र प्रबंध आहे. त्यात इतिहास आणि आख्यायिका यांची सरमिसळ झाली आहे. राजशेखर जयंतचंद्राला, म्हणजे जयचंद्राला, गोविंदचंद्राचा पुत्र म्हणतो. पण ताम्रपटांवरून तो विजयचंद्राचा पुत्र व गोविंदचंद्राचा नातू होता हे निश्चित आहे. तरीही आख्यायिका सर्वस्वी टाकून देण्याजोग्या नसतात. एखाद्या ग्रंथकाराविषयी पुढील पिढ्यांना काय आठवावेसे वाटले, हे त्यांतून कळते. आणि तेही चरित्राचाच एक भाग असते.

प्रबंधानुसार श्रीहीर हा राजसभेतील पंडित होता. सभेतील दुसऱ्या एका विद्वानाने त्याला वादात निरुत्तर केले. त्या काळी वादातील पराभव म्हणजे केवळ मतभेदातील माघार नव्हती. वृत्ती, प्रतिष्ठा आणि कुळाचे नाव यांवर त्याचा आघात होई. श्रीहीर त्या लज्जेत खंगला, आणि मरणसमयी त्याने मुलाकडून वचन घेतले की, त्या प्रतिपक्ष्याला राजसभेतच जिंकावे. पुढील पंडितपरंपरेने या प्रतिपक्ष्याच्या जागी प्रसिद्ध नैयायिक उदयनाचार्याला बसवले. कालदृष्ट्या ते जुळत नाही. उदयनाची 'लक्षणावली' रूढ वाचनानुसार शके ९०६ ची, म्हणजे इ. स. ९८४ ची आहे, आणि श्रीहर्षाचा आश्रयदाता जयचंद्र ११७० मध्ये गादीवर आला. परंतु परंपरेची ही चूक अर्थपूर्ण आहे. श्रीहर्षाने आयुष्यभर ज्याच्याशी वाद घातला तो प्रतिपक्षी उदयनच होता. फक्त तो सभेत समोर बसलेला नव्हता, पोथीत होता.

३

पित्याच्या मृत्यूनंतर श्रीहर्षाने कुटुंबाचा भार आप्तांवर सोपवला आणि तो विद्यार्जनासाठी बाहेर पडला. तर्क, अलंकार, गणित, ज्योतिष, व्याकरण अशा अनेक विद्या त्याने आत्मसात केल्या. पुढे गंगेच्या तीरी गुरूने दिलेल्या चिंतामणिमंत्राची त्याने वर्षभर साधना केली, आणि त्रिपुरादेवी प्रसन्न झाली. या मंत्राचा उल्लेख स्वतः श्रीहर्षाने नैषधाच्या पहिल्या सर्गाच्या अखेरीस केला आहे, म्हणून ही गोष्ट निव्वळ राजशेखराची कल्पना नव्हे.

पुढील भाग मात्र आख्यायिकेचा आहे, आणि तो मोठा मार्मिक आहे. देवीच्या वराने श्रीहर्षाची वाणी इतकी सूक्ष्म झाली की, तो ज्या ज्या सभेत बोले तेथे कोणालाही काही कळेना. अतिविद्येने आलेल्या या एकाकीपणाला कंटाळून त्याने पुन्हा देवीची आराधना केली. देवीने उपाय सांगितला तो असा : मध्यरात्री मस्तक ओले करून दही खावे आणि झोपावे, कफ वाढला म्हणजे बुद्धी थोडी जड होईल आणि बोलणे लोकांच्या आवाक्यात येईल. श्रीहर्षाने तसे केले, आणि मगच त्याने खंडनादी ग्रंथ रचले.

ही कथा रचणाऱ्याने खंडन वाचण्याचा प्रयत्न नक्कीच केला असावा. दही खाल्ल्यानंतरची बुद्धी जर ही, तर त्यापूर्वीची कशी असेल, असा वाचकाचा हताश विनोद तिच्यात आहे. दुर्बोधतेचा हा आरोप श्रीहर्षाला अन्यायाचा वाटला नसता. नैषधाच्या शेवटी तो स्वतःच सांगतो की, या ग्रंथात काही ठिकाणी आपण बुद्ध्याच गाठी मारून ठेवल्या आहेत. स्वतःला पंडित समजणाऱ्या अर्धवटाने येथे खेळू नये, आणि श्रद्धेने गुरूची सेवा करून ज्याने त्या सोडवून घेतल्या असतील त्यालाच या काव्याच्या रसात पोहता यावे, अशी त्याची इच्छा आहे.

४

गाहडवालांचे राज्य कान्यकुब्जाच्या नावाने ओळखले जाई, पण त्यांच्या राजवैभवाचे एक मोठे केंद्र वाराणसी हे होते. वाराणसीजवळ कमौली येथे सापडलेल्या ताम्रपटांतून या घराण्याच्या दानांची आणि वंशावळीची विश्वसनीय माहिती मिळते. श्रीहर्ष या राजसभेत आला तेव्हा, प्रबंधकार म्हणतो, पित्याचा तो जुना प्रतिपक्षी अजून तेथे होता. श्रीहर्षाने सभेत राजाची स्तुती केली, मग त्या प्रतिपक्ष्याकडे वळून वादाचे आव्हान दिले. वयोवृद्ध पंडिताने त्याची वाणी ऐकली आणि वादाला उभे न राहताच त्याचे श्रेष्ठत्व मान्य केले. राजाने दोघांना आलिंगन द्यायला लावले. पितृऋण फिटले ते असे, वादाविना.

राजसभेतील आपले स्थान श्रीहर्षाने नैषधाच्या अखेरीस अभिमानाने नमूद केले आहे : कान्यकुब्जेश्वराकडून त्याला तांबूलद्वय आणि आसन मिळे. विडा आणि आसन हे त्या काळच्या सन्मानाचे दृश्य चिन्ह होते. पण त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट सांगतो ती अशी की, समाधीत आपण परब्रह्माचा साक्षात्कार करतो. राजाचा विडा आणि ब्रह्मसाक्षात्कार या दोन गोष्टी एकाच श्लोकात शेजारी शेजारी ठेवणाऱ्या या माणसाला नम्र म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या प्रांतांतल्या होत्या. एक व्यवहारातली, दुसरी ज्याला लक्षणाची गरज नाही अशी. हा भेद समजून घेण्यासाठी खंडनाकडे वळले पाहिजे.

५

'खंडनखंडखाद्य' या नावातच श्लेष आहे. खंड म्हणजे खांड, साखर. खंडखाद्य म्हणजे खांडेचे पक्वान्न. प्रतिपक्षाचे खंडन हेच येथे मिष्टान्न आहे. ग्रंथाचे चार परिच्छेद आहेत. पहिल्यात प्रमाणांची लक्षणे तपासली आहेत, दुसऱ्यात वादातील निग्रहस्थाने, तिसऱ्यात सर्वनामांचे अर्थ, आणि चौथ्यात भाव, द्रव्य, गुण, कारण इत्यादी पदार्थ.

आरंभीच एक अडसर आहे. नैयायिक म्हणतो की, जो प्रमाणे मानत नाही त्याला वादात उतरण्याचा अधिकारच नाही. ज्याच्याकडे तराजू नाही त्याने वजनाविषयी बोलू नये. श्रीहर्षाचे उत्तर असे की, वाद चालण्यासाठी वादाचे नियम दोन्ही पक्षांनी पाळणे पुरेसे आहे. त्या नियमांच्या मुळाशी असलेल्या वस्तूंचे अस्तित्व आधी मान्य करणे आवश्यक नाही. चार्वाक आणि माध्यमिक यांनी ती मान्यता न देताही वाद केलेलेच आहेत. शिवाय प्रमाण मानल्यावाचून वाद होत नाही हे सिद्ध करण्यासाठी नैयायिकाला जो वाद करावा लागेल, तो कोणाशी करायचा? जो ते मानत नाही त्याच्याशीच. म्हणजे तो वाद सुरू झालेलाच आहे.

अडसर दूर झाल्यावर लक्षणांची पाळी येते. न्यायमतानुसार लक्षण म्हणजे लक्ष्याचा असाधारण धर्म. ते लक्ष्याच्या काही भागाला लागू पडले नाही तर अव्याप्ती, लक्ष्याबाहेर गेले तर अतिव्याप्ती, आणि कोठेच लागू पडले नाही तर असंभव, असे तीन दोष मानले जातात. श्रीहर्ष या कसोट्या नैयायिकांकडूनच उसन्या घेतो. यथार्थ ज्ञानाचे म्हणजे प्रमेचे एक लक्षण उदयनाने दिले आहे, ते म्हणजे तत्त्वाची अनुभूती. या दोन शब्दांवर श्रीहर्षाने पानेच्या पाने खर्च केली आहेत. तत्त्व म्हणजे त्याचे भाव. पण 'त्याचे' हे सर्वनाम आधी उल्लेखलेल्या वस्तूकडे बोट दाखवते, आणि लक्षणात तर आधी कशाचाच उल्लेख नाही. तत्त्व म्हणजे वस्तूचे स्वरूप म्हणावे, तर शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्यालाही स्वरूप आहेच. रुपे जगात कोठे तरी असतेच, समोरची वस्तूही असते, आणि त्यांना जोडणारा संबंधही अन्यत्र खरा असतो. मग भ्रमाला लक्षणाच्या बाहेर कसे ठेवायचे?

याहून प्रसिद्ध आहेत ती योगायोगाची उदाहरणे. एकाच्या बंद मुठीत पाच कवड्या आहेत. दुसऱ्याला त्या किती ते विचारले, आणि त्याने अंदाजाने पाच म्हटले. उत्तर खरे निघाले. त्याचप्रमाणे एखाद्याने धुक्याला धूर समजून डोंगरावर अग्नी असल्याचे अनुमान केले आणि तेथे खरोखरच अग्नी होता. दोन्ही ठिकाणी प्रत्यय वस्तूशी जुळतो, पण त्याला ज्ञान म्हणायला आपण कचरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. पण हा कचरणे नेमके कशामुळे, ते लक्षणात घालायला गेले की, ज्या कारणांनी ज्ञान यथार्थ होते त्या कारणांचे लक्षण करावे लागते, आणि त्या कारणांची यथार्थता पुन्हा ज्ञानाच्या यथार्थतेवरूनच ठरते. १९६३ मध्ये एडमंड गेटिए या अमेरिकन तत्त्वज्ञाने अवघ्या तीन पानांच्या लेखात अशीच उदाहरणे मांडली आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेत मोठी खळबळ उडवली. बिमलकृष्ण मतिलाल यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात श्रीहर्षाची उदाहरणे या चर्चेशेजारी ठेवून दाखवली आहेत. साम्य खरे आहे, पण हेतू वेगळे आहेत. गेटिएला अधिक चांगले लक्षण शक्य आहे की नाही हा प्रश्न खुला ठेवायचा होता. श्रीहर्षाला तो कायमचा मिटवायचा होता.

पदार्थांच्या लक्षणांविषयीही हीच गत. द्रव्य म्हणजे ज्यात गुण असतात ते, असे वैशेषिक म्हणतो. पण त्यांच्याच मते संख्या हा गुण आहे, आणि गुण चोवीस आहेत असे ते मोजून सांगतात. ज्याची मोजदाद होते त्यात संख्या असणारच. मग गुणही द्रव्य ठरले. भेदाचेही तसेच. घट पटाहून भिन्न म्हणून कळायचा तर पट आधी घटाहून भिन्न म्हणून कळला पाहिजे, आणि पटाचे तसे ज्ञान घटाच्या तशाच ज्ञानावर अवलंबून. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात आणि दोघांचेही पाय जमिनीवर नाहीत, असा हा अन्योन्याश्रय आहे. सगळ्या लक्षणांविषयीची सर्वसाधारण अडचण तर त्याहून खोल आहे. लक्षण निर्दोष आहे की नाही हे तपासायचे तर लक्ष्य कोणते आणि अलक्ष्य कोणते हे आधी ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक असेल तर लक्षणाने नवीन काय सांगितले?

६

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जगात काहीच नाही असे श्रीहर्ष म्हणत नाही. गाईला गाय म्हणून ओळखणारा गुराखी तिच्या लक्षणासाठी अडून राहत नाही. व्यवहार लक्षणांवाचून चालतोच. श्रीहर्षाचे म्हणणे एवढेच की, हे जग आहे असेही निश्चयाने सांगता येत नाही आणि नाही असेही नाही. ते अनिर्वचनीय आहे. येथपर्यंत तो माध्यमिक बौद्धांबरोबर चालतो, आणि ही सोबत त्याने लपवलेली नाही. मात्र आपला मार्ग कोठे वेगळा होतो तेही तो स्पष्ट सांगतो. बौद्धाच्या दृष्टीने सर्वच अनिर्वचनीय, तर ब्रह्मवाद्याच्या दृष्टीने ज्ञानाखेरीज इतर सर्व. स्वयंप्रकाश चैतन्याला प्रमाणाची किंवा लक्षणाची अपेक्षाच नाही, कारण सर्व प्रमाणे त्याच्याच उजेडात चालतात.

येथे आक्षेप घेण्यास जागा आहे, आणि तो पुढे घेतलाही गेला. ज्या चाकूने इतरांची लक्षणे कापली तो चाकू स्वयंप्रकाशावर का चालवू नये? लक्षण करता येत नाही एवढ्यावरून इतर सर्व अनिर्वचनीय ठरते आणि चैतन्य मात्र त्याच कारणाने निर्बाध ठरते, ही वाटणी समदृष्टीची नाही असे कोणी म्हणेल. श्रीहर्षाजवळ याला एकच उत्तर आहे : घटपटांचा दावा करणारा लक्षणे घेऊन आला, म्हणून त्यांची परीक्षा झाली, चैतन्याविषयी आपण लक्षण मांडलेच नाही. हे उत्तर वादात जिंकणारे आहे. जिज्ञासूचे समाधान करणारे आहे की नाही, हा प्रश्न राहतोच. वैतंडिकाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे एका ठिकाणी दिसतात.

७

नैषधाचे बावीस सर्ग आहेत आणि श्लोक सुमारे २,८००. महाभारतातील नलोपाख्यानाचा पूर्वार्धच त्यात येतो. द्यूत आणि वनवास यांपर्यंत कथा पोहोचत नाही. या काव्यात दर्शनांवरील कोट्या पुष्कळ आहेत. सतराव्या सर्गात मोक्षाला पाषाणासारखी अवस्था मानणाऱ्या न्यायकर्त्या गोतमाच्या नावावर श्लेष करून त्याला बैलांतला श्रेष्ठ ठरवले आहे, आणि बाविसाव्यात औलूक्य म्हणवणारे वैशेषिक दर्शन अंधाराचे निरूपण करण्यास योग्यच आहे, अशी घुबडाच्या आधाराने कोपरखळी मारली आहे. पण काव्य आणि खंडन यांचा खरा सांधा या कोट्यांत नाही, तो तेराव्या सर्गात आहे.

दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, यम आणि वरुण हे चौघे नलाचे रूप घेऊन बसतात. स्वतः सरस्वती एकेकाचे वर्णन करते. ती खोटे बोलू शकत नाही आणि देवांचे गुपितही फोडू इच्छित नाही. म्हणून तिचा प्रत्येक श्लोक त्या त्या देवाला लागू पडतो आणि नलालाही. अखेरीस एक श्लोक पाचांनाही लागू पडतो. पंचनली या नावाने प्रसिद्ध असलेला हा प्रसंग केवळ श्लेषाचा खेळ म्हणून वाखाणला जातो. परंतु खंडन वाचलेल्याला त्यात दुसरेही काही दिसेल. वाणीची देवता स्वतः लक्षण सांगत आहे, त्यात एकही शब्द असत्य नाही, आणि तरीही प्रत्येक लक्षण अतिव्याप्त आहे. दमयंतीपुढे संकट आहे ते खंडनातल्या नैयायिकाचेच. फरक एवढाच की, नैयायिकाचा वाद हरतो आणि दमयंतीचे आयुष्य पणाला लागलेले आहे. याच ठिकाणी कवीने एक उपमा योजली आहे : चार पक्षांच्या गर्दीत अधिक सत्य असलेल्या पाचव्या कोटीवर, म्हणजे अद्वैततत्त्वावर, लोकांची श्रद्धा बसत नाही, तशीच दमयंतीची पाचव्या, म्हणजे खऱ्या नलावर बसत नव्हती. उपमा वरवरची नाही. कवी आपल्या दुसऱ्या ग्रंथाचा सिद्धांत नायिकेच्या व्याकुळतेत उतरवत आहे.

या पेचातून सुटका कशी होते? अधिक चांगल्या वर्णनाने नव्हे. चौदाव्या सर्गात दमयंती देवांची आराधना करते, ते प्रसन्न होतात, आणि मग तिला खुणा दिसू लागतात : देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत. खुणा आधीपासूनच समोर होत्या. त्या दिसायला प्रसाद लागला. खंडनात जे तर्काने सांगून संपते, ते काव्यात एका मुलीच्या ओळखीत पूर्ण होते.

८

काव्य पूर्ण झाल्यावर राजाने ते काश्मीरला नेऊन शारदेच्या परीक्षेला ठेवण्यास सांगितले, असे प्रबंधकार म्हणतो. देवीच्या हाती ग्रंथ ठेवला की चांगला असल्यास ती स्वीकारी, नसल्यास फेकून देई. नैषध तिने फेकले. कारण विचारता कळले की, अकराव्या सर्गात कवीने तिला विष्णूची पत्नी म्हटल्याने तिच्या कौमार्याच्या कीर्तीला बाध आला होता. श्रीहर्षाने पुराणांचा दाखला देऊन सत्यावर रागावण्यात काय अर्थ, असे विचारले, तेव्हा तिने ग्रंथ घेतला. पण तेथील पंडितांनी मत्सराने त्याला राजाची भेट मिळू दिली नाही. महिने लोटले, जवळचे द्रव्य संपले, सामानसुमान विकावे लागले.

एके दिवशी तो विहिरीजवळ जप करीत असता पाणी भरण्यावरून दोन दासींचे भांडण जुंपले, डोकी फुटली आणि प्रकरण राजापुढे गेले. साक्षीदार म्हणून या परदेशी ब्राह्मणाला बोलावले. आपल्याला येथील भाषा समजत नाही, पण झालेले शब्द सांगता येतील, असे म्हणून त्याने दोघींचे सारे बोलणे जसेच्या तसे ऐकवले. राजा चकित झाला आणि मग त्याची योग्यता सर्वांना कळली. ही कथा धारणाशक्तीचे उदाहरण म्हणून सांगतात. पण ज्याने प्रमेच्या लक्षणांची चिरफाड केली त्याने अर्थ न कळता अचूक साक्ष द्यावी, आणि न्याय त्या साक्षीवर व्हावा, यात आख्यायिकेने नकळत त्याच्याच मताला पुष्टी दिली आहे. व्यवहार खरोखरच लक्षणांसाठी थांबत नाही. काश्मीरातील सन्मानाचा उल्लेख नैषधाच्या सोळाव्या सर्गाच्या अखेरीस कवीनेही केला असल्यामुळे प्रवासाच्या कथेला काही आधार असावा.

परतल्यावर सुख फार काळ टिकले नाही. कलाभारती म्हणवून घेणाऱ्या सूहवदेवी या राणीला नरभारती म्हणून गाजणारा श्रीहर्ष खपेना. तिने त्याला तो कोण, असे विचारले. आपण कलासर्वज्ञ आहोत, असे तो म्हणाला. तर मग आपल्या पायांत जोडे घालावेत, अशी आज्ञा तिने केली. ब्राह्मणाने नकार दिला तर त्याचे सर्वज्ञत्व खोटे ठरणार होते. त्याने झाडाच्या सालीचे जोडे करून तिच्या पायांत घातले, राजाला वृत्तांत सांगितला आणि गंगेच्या तीरी संन्यास घेतला. स्वतःविषयी केलेल्या एका लक्षणानेच खंडनकाराला अडकवले, असे या कथेचे तात्पर्य काढता येईल. ११९४ मध्ये यमुनाकाठी चंदावर येथे मुहम्मद घोरीच्या सैन्याशी लढताना जयचंद्र मारला गेला. प्रबंधकार त्याचा दोष त्याच राणीच्या माथी मारतो; इतिहास त्याला दुजोरा देत नाही. विडा आणि आसन देणारी राजसभा मात्र त्या लढाईनंतर पूर्वीसारखी उरली नाही.

९

ग्रंथ मात्र वाचले, आणि तेही चमत्कारिक रीतीने. तेराव्या शतकात श्रीहर्षाच्याच वंशातला म्हणवणारा हरिहर पंडित नैषधाची पोथी घेऊन गुजरातेत आला. मंत्री वस्तुपालाने ती एका रात्रीपुरती मागून घेतली, लेखक बसवून रातोरात उतरून काढली आणि नवी प्रत जुनी दिसेल अशी सजवून भांडारात ठेवली. पुढे त्याच प्रदेशात, धोळका येथे, चांडूपंडिताने १२९७ च्या सुमारास टीका लिहिली. पंधराव्या शतकाच्या आरंभी श्रीनाथाने ते तेलुगूत 'शृंगारनैषधमु' म्हणून आणले, आणि सोळाव्यात अतिवीरराम पांड्याने तमिळमध्ये 'नैडदम्' रचले. मराठीत रघुनाथ पंडिताच्या दमयंतीस्वयंवराच्या आख्यानावर नैषधाची छाया आहे. मम्मट हा श्रीहर्षाचा मामा होता आणि नैषध आधी मिळाले असते तर काव्यदोषांची उदाहरणे शोधण्याचे श्रम वाचले असते, असे तो म्हणाल्याची कथा पंडितांत प्रसिद्ध आहे. मम्मट एका शतकाने आधीचा असल्याने ती केवळ रसिकांचा चिमटा मानावी.

खंडनाचे भाग्य याहून विलक्षण आहे. संशय आणि तर्क यांच्या संबंधाविषयी उदयनाने एक श्लोक रचला होता. श्रीहर्षाने त्यातील मोजके शब्द बदलून त्याचा अर्थ उलटा केला. चौदाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी'त या प्रहाराला खंडनकाराचा नामनिर्देश करून उत्तर दिले. पंधराव्या शतकात दुसऱ्या वाचस्पतिमिश्राने 'खंडनोद्धार' लिहिला आणि शंकरमिश्र या नैयायिकाने खंडनावरच टीका केली. अद्वैत्यांत चित्सुखाने खंडनावर टीका लिहिली, पण स्वतःच्या ग्रंथात त्याने स्वयंप्रकाशाचे लक्षण करण्याचा उद्योगही केला. गुरुस्थानी असलेल्याने जे टाळले तेच त्याला आवश्यक वाटले. नव्यन्यायाने लक्षणे सोडली नाहीत. उलट अवच्छेदक आणि प्रतियोगी यांची नवी भाषा घडवून ती इतकी काटेकोर केली की, पुढील चार शतके व्याकरण, साहित्य आणि धर्मशास्त्र यांनाही त्या भाषेत बोलावे लागले. लक्षणांच्या शत्रूने लक्षणांची धार वाढवली.

आधुनिक काळात १८७० च्या दशकात ग्येओर्ग ब्यूलर यांनी प्रबंधकोशाच्या आधारे श्रीहर्षाचा काळ बाराव्या शतकाचा उत्तरार्ध ठरवला, तेव्हा मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी त्याला हरकत घेतली. पण पुढे ब्यूलरांचेच मत ग्राह्य झाले. गंगानाथ झा यांनी खंडनाचे इंग्रजी भाषांतर केले. आसामचे कृष्णकांत हंदिकी यांनी १९३४ मध्ये नैषधाचे सटीप भाषांतर लाहोरहून प्रसिद्ध केले, आणि त्याची दुसरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढली. फिलिस ग्रॅनॉफ यांचा खंडनावरील अभ्यास १९७८ चा आहे.

श्रीहर्षाला संशयवादी म्हणावे, वैतंडिक म्हणावे की अद्वैती, यावर आजही मतभेद आहेत. यांपैकी कोणतेही एक लक्षण त्याला पुरते लागू पडत नाही, आणि त्याचे वाईट त्याला वाटले नसते. पित्याच्या पराभवातून निघालेला हा माणूस जिंकण्याच्या विद्येत पारंगत झाला. पण त्याच्या हातून जे टिकले ते प्रतिपक्ष्याच्या मौनापेक्षा मोठे आहे. शब्दाने वस्तू बांधता येत नाही हे त्याने तर्काने दाखवले, आणि न बांधताही ती ओळखता येते हे काव्याने. पहिल्या कामासाठी त्याला नैयायिक भ्याले. दुसऱ्यासाठी त्याला अजून पुरेसे वाचले गेलेले नाही.